शनिवारचा घाणा

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले आहेत. दिवाळी ही नैमित्तिक. चार दिवस पहाटे उठून अभ्यंगस्नान करणे आळशालाही जमते. उत्सवच त्याला उचलून नेत असतो. परंतु घरी पाहुणे नसताना, अंगात कणकण असताना, रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावणे हे नित्यकर्म, आणि खरी परीक्षा तिथेच होते. चारकोपला राहून रोज सकाळी कांदिवलीची गाडी गाठणाऱ्या माझ्यासारख्याला तर कोणतेही नित्यकर्म हळूहळू निव्वळ सवय वाटू लागते. मग मनात येते, घाण्याचा बैल आणि आपण, यांत फरक तो काय?

या प्रश्नाचे उत्तर एका खऱ्याखुऱ्या घाण्यापाशीच मिळते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाज पूर्वी तेल गाळण्याचा धंदा करी. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले. जवळ गुरू नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हते, धर्माची भाषाही विसरत चालली होती. राहिले ते थोडे : आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, ‘शमा’ ही एक प्रार्थना, आणि शनिवार.

शनिवार पाळणे म्हणजे काम न करणे. त्यात कष्ट कसले, असे कोणी विचारील. पण हातावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातून एक दिवस मिळकत सोडणे ही चैन नव्हे. गिऱ्हाईक दारातून परत जाते, शेजारी हसतात. एका शतकात असे सुमारे ५,२०० शनिवार येतात. त्यांतला एकही दिवस इतिहासात नोंदण्याजोगा नाही. तरीही, पुढे कोचीनच्या बाजूने दावीद राहाबी आला तेव्हा त्याने या लोकांना ओळखले, अशी कथा आहे, ते अशाच क्षुल्लक खुणांवरून : बायकांनी खवले आणि पर असलेले मासेच तेवढे निवडून रांधले! मग ज्ञान आले, आणि १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत ‘शारे रहामीम’ हे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ज्ञानाला येऊन बसायला जागा उरली होती, ती त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या तेल्यांनी राखलेली.

यहुदी धर्माची घडणच अशी आहे. तोरा वर्षभर आठवड्या-आठवड्याने वाचतात, आणि ज्या दिवशी वाचन संपते त्याच दिवशी पुन्हा आरंभ करतात. १९२३ साली मेइर शापिरो यांच्या सूचनेवरून तालमुदचे रोज एक पान वाचण्याचा परिपाठ सुरू झाला. पाने २,७११; एका आवर्तनाला सुमारे साडेसात वर्षे लागतात. एखादे पान समजते, एखादे समजत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुढचे पान उघडायचेच.

तर मग हे सारे घाण्याच्या बैलासारखे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. बैल फिरतो, कारण त्याला जुंपलेले असते. शनिवार तेल्याला घाणा बंद ठेवायला कोणीही भाग पाडत नव्हते; शास्त्र सांगायलाही कोणी नव्हते. दर आठवड्याला तो पुन्हा एकदा ठरवीत होता. सवय आणि साधना बाहेरून सारख्याच दिसतात. सवयीत माणूस एकदाच ठरवतो आणि पुढे विसरतो. साधनेत दर खेपेस नव्याने ठरवावे लागते. आणि गंमत अशी, की तोरेची आज्ञा बैलालाही लागू आहे : सातव्या दिवशी त्यालाही विश्रांती.

आज बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलात आहेत. कोकणात थोडी घरे उरली आहेत. लाकडी घाणेही बहुतेक गेले. पण हा समाज टिकला तो मोठ्या पराक्रमाने नव्हे, हे विसरता येत नाही. वाचकहो, भाऊबीजेनंतर कंदील उतरतील, पणत्या धुऊन फडताळात जातील. त्यानंतरच्या साध्या सोमवारी आपल्या घरात जो दिवा लागेल, किंवा लागणार नाही, त्याचा विचार या सणाच्या दिवसांतच केलेला बरा.