लागला की लावला?

धुळवडीच्या रात्री सागबनातून जो धूर उठला, त्याचा वृत्तांत सिरोंच्यात आता सर्वांस पाठ आहे. मला संताप येतो तो त्यानंतरच्या खुलाशाचा. बांबूवर बांबू घासला आणि वणवा लागला, असे सांगणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांनी असरअल्लीच्या वाटेवरील ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी. जळीत पट्टा तीन दगडांच्या चुलीपाशी सुरू होतो, चुलीभोवती कोंबडीची हाडे व मसाल्याच्या फाटक्या पुड्या पडल्या आहेत, आणि हाकेच्या अंतरात बांबूचे एकही बेट नाही. जो बांबू वर्षभर वाऱ्यात घासत उभा असतो, त्याने मोटारी थांबतात तेथेच आणि सणाच्या रात्रीच पेट घ्यावा, हे कोणत्याही पंचनाम्यात टिकणार नाही. कोणा वाटसरूच्या विडीचा खुलासाही याच जातीचा.

मी पूर्वी लिहिले तेच पुन्हा लिहितो: आमच्या रानात वणवा बहुधा लागत नाही, लावला जातो, आणि 'लागला' हे क्रियापद आपण सोडले, की कर्ता कोण हे विचारणे भाग पडते. उपग्रह आगीचे ठिकाण कळवितो, काडी ओढणारा हात दाखवीत नाही.

१५ फेब्रुवारी ते १५ जून या अग्निहंगामात, पायाखाली सागाचा वाळला पाला चुरचुरत असता, राखीव जंगलात विस्तव पेटविण्यास १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २६ ने मनाई आहे, हे अनेकांस ठाऊक असते. त्याच कलमात पुढे असेही आहे, की आग हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे हक्क काही मुदतीपर्यंत तहकूब करण्याचा हुकूम शासन देऊ शकते. म्हणजे मेजवानी झोडणारा मोटारीत बसून निघून जावा, आणि ज्याची बकरी त्या रानात चरते त्याने दंड भरावा! प्राणहितेच्या वाळूत शेकोटी करून ती घागरभर पाण्याने विझविणाऱ्याशी माझे काही भांडण नाही, करा बापडे.

परतताना मोहाखाली एक वृद्धा खराट्याने पाला लोटीत होती. काडी लावली असती, तर फुले वेचण्यापुरती जागा घटकेत मोकळी झाली असती. उन्हे डोक्यावर आली, तरी ती लोटीतच होती.