नसण्याचा पुरावा

जमिनीवर घडा नाही, हे कळतं कसं? डोळ्यांना दिसते ती जमीन. मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, घड्याचा अभाव कळायला अनुपलब्धी (न आढळणं) हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, लागतं. दुसरे मीमांसक प्रभाकर यांना हे मान्य नाही: रिकामी जमीन दिसली, विषय संपला. प्रथिनांच्या स्फटिकांचा क्ष-किरण डेटा प्रोसेस करण्यात माझा दिवस जातो, आणि या भांडणात मी कुमारिलांच्या बाजूची. प्रभाकरांची जमीन फारच स्वच्छ आहे.

स्फटिकात स्क्रू अक्ष (फिरवणं आणि सरकवणं मिळून होणारी सममिती) आहे हे आम्ही गैरहजेरीवरूनच ओळखतो. दोनच्या स्क्रू अक्षावरच्या ओळीत सम क्रमांकाची रिफ्लेक्शन्स, म्हणजे डिटेक्टरवरचे स्पॉट, उमटतात, विषम उमटत नाहीत. मीमांसकांची अट इथे चोख लागू पडते: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं ठरत नाही. शेजारची सम रिफ्लेक्शन्स ठसठशीत असली, तरच विषमांचं नसणं पुरावा ठरतं.

पण आमची जमीनच, म्हणजे स्पॉटभोवतीचं बॅकग्राउंड, मिणमिणत असते. पिलाटस डिटेक्टर एकेक फोटॉन मोजतो. समजा, स्पॉटभोवतीच्या १०० पिक्सेलांपैकी ९१ मध्ये शून्य, ९ मध्ये एकेक फोटॉन. सरासरी ०.०९, सिग्मा ०.३. ‘तीन सिग्मांपलीकडचं काढून टाका’ हा सरधोपट नियम लावला की मर्यादा येते ०.९९. म्हणजे नऊच्या नऊ फोटॉन उपरे ठरून बाहेर, आणि बॅकग्राउंड शून्य! २५ पिक्सेलांच्या स्पॉटमधून जे सव्वादोन फोटॉन वजा व्हायचे, ते त्याच्याच पदरात पडतात. नसलेली रिफ्लेक्शन्स असल्यासारखी दिसू लागतात आणि स्क्रू अक्षावरच शंका येते. २०१६ साली डायल्स या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी हा दोष मांडला आणि पॉयसाँच्या हिशेबाने बॅकग्राउंड काढण्याची रीत दिली.

हिशेब सुधारला तरी काही आकडे उणे येतातच. ‘‘मॅडम, इंटेन्सिटी निगेटिव्ह कशी असेल? शून्य करून टाकू?’’ विद्यार्थी विचारतात. नको रे बाबा. मोजणी खऱ्या किमतीच्या वर-खाली पडणारच. खालच्या तेवढ्या उचलल्या की सरासरी फुगते. फ्रेंच आणि विल्सन यांनी १९७८ मध्येच वाट दाखवली: उणे आकडा तसाच ठेवायचा, आणि खरी तीव्रता उणे नसते हे आधीचं ज्ञान जोडून अंदाज बांधायचा.

आता हे कुमारिलांचं प्रमाण उरलं का? त्यांची अनुपलब्धी हो किंवा नाही सांगते, माझी सिग्मासकट बोलते. बौद्ध तर्कशास्त्री धर्मकीर्ती अनुपलब्धीला अनुमानाचाच एक हेतू (आधार) मानतात. उणे आकड्यांची यादी समोर असली की मला त्यांचंच पटायला लागतं.