महाग वस्तूचे मोल

महाग मोबाईल, महाग टी.व्ही., महाग फ्रिज घ्यावा की साधा घेऊन भागवावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानातला आहे. धम्माला वाहिलेल्या पाक्षिकात त्याची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. परंतु मला हा प्रश्न दुकानात पडला नाही. तो शाळेत पडला, आणि म्हणूनच आपल्यापुढे मांडत आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. माहेर सांगलीचे. काही महिन्यांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी दाखला नेण्यासाठी शाळेत आला. मुलगा आपल्याच वस्तीतला. हातात पाऊण लाखाचा मोबाईल. तो गेल्यावर एक सहकारी म्हणाले, "फी माफ, शिष्यवृत्ती चालू, आणि हातात बघा काय आहे!" दोघे-तिघे हसले. मला राहवले नाही. बागायतदाराच्या मुलाच्या हातात हाच फोन असता तर तो तुमच्या डोळ्यांत खुपला असता काय, असे मी विचारले. कोणी उत्तर दिले नाही.

त्याच आठवड्यात त्या मुलाची आई भेटली. फोन हप्त्यावर घेतला आहे आणि हप्ता ती शेतमजुरीतून भरते. मोठ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. "ते आता पुढल्या साली बघू, बाई," ती म्हणाली. तेव्हा मात्र मी निरुत्तर झाले.

वाचकहो, येथे प्रश्न एक नाही, दोन आहेत. महाग वस्तू घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा पहिला. ती घेणे योग्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर माझ्या सहकाऱ्यांना द्यायचे आहे; दुसऱ्याचे आपण एकमेकांना.

पहिल्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ज्या समाजाला चांगले वस्त्र नेसायची आणि सोन्याचांदीचे दागिने घालायची बंदी होती, त्याने कोणती वस्तू वापरावी हे ठरविण्याचा अधिकार आता दुसऱ्या कोणालाही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारे जुने दागिने टाकून इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसण्यास सांगितले. यंत्रांविषयीही त्यांचे मत स्पष्ट होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींवरील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, पशुवत् कष्टांतून सुटून माणसाला फुरसत मिळायची असेल तर यंत्रे हवीतच. गरिबीचा गौरव त्यांनी कधी केला नाही. त्यामुळे "साधेपणाने राहा" हा उपदेश आपल्याला करणाऱ्याने आधी स्वतःच्या घरात पाहावे.

परंतु अधिकार आहे म्हणून कारणही आहे, असे होत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी वस्तूची किंमत उघडून पाहिली पाहिजे. माझ्या मते महाग वस्तूच्या किमतीत तीन गोष्टी असतात: वस्तूचे काम, वस्तूचे आयुष्य आणि वस्तूचे नाव.

काम आणि आयुष्य यांसाठी अधिक पैसे देणे हा शहाणपणा असू शकतो. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. त्यांनी तरुणपणी एक ट्रान्झिस्टर घेतला, तो त्या वेळी त्यांच्या पगाराच्या मानाने महागच होता. त्यावर आम्ही आकाशवाणी सांगली ऐकत मोठे झालो. बिघडला की वडील तो मिरजेला एका कारागिराकडे नेत. तो पाठीचे झाकण उघडून, तुटलेल्या तारेला डाग देऊन परत देई. वीस वर्षांहून अधिक काळ तो चालला. ती खरेदी महाग होती असे आज कोण म्हणेल?

फ्रिजचेही असेच आहे. त्यावरच्या तारांकित पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते छापलेले असते. समजा, पाच स्टारचा फ्रिज सहा हजारांनी महाग आहे, वर्षाला शंभर युनिट वाचवतो आणि युनिटला दहा रुपये पडतात. तर वर्षाला हजार रुपये वाचले, सहा वर्षांत जास्तीचे पैसे वसूल झाले. फ्रिज त्यापुढेही चालणार असेल तर महाग फ्रिजच स्वस्त ठरला. हा हिशेब दुकानदाराला विचारायचा नाही. वहीवर आपण मांडायचा.

मोबाईलचा हिशेब मात्र निराळा निघतो. गूगलने २०२३ साली व सॅमसंगने २०२४ साली आपल्या वरच्या श्रेणीच्या नव्या फोनांना सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. हा खरा गुण आहे, कारण अपडेट थांबलेला फोन बँकेच्या व्यवहाराला सुरक्षित राहत नाही. आता पंधरा हजारांचा फोन तीन वर्षे वापरला तर वर्षाला पाच हजार पडतात. पंचाहत्तर हजारांचा सात वर्षे वापरला तरी सुमारे दहा हजार सातशे पडतात. मध्ये बॅटरी बदलावी लागेल ती वेगळीच. आणि तोही तिसऱ्या वर्षी बदलला तर वर्षाला पंचवीस हजार! महाग फोनचा कॅमेरा चांगला, वेग चांगला, हे मान्य. ज्याचे पोट फोटो काढण्यावर आहे त्याला तो परवडेल. पण ज्याला अभ्यासाचे व्हिडिओ पाहायचे, अर्ज भरायचे आणि घरी बोलायचे आहे, त्याला या पाचपट किमतीतून पाचपट काम मिळत नाही.

शिवाय महाग वस्तू प्रामाणिकच असेल असेही नाही. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग आपण कमी करतो, हे ॲपल कंपनीला २०१७ साली मान्य करावे लागले. ग्राहकांना हे नीट सांगितले नाही म्हणून फ्रान्सने २०२० साली तिला अडीच कोटी युरो दंड केला. टी.व्ही.च्या बाबतीत पाहा. त्यांचे डिस्प्ले जगातल्या मोजक्याच कारखान्यांत बनतात आणि वेगवेगळ्या नावांच्या टी.व्हीं.त अनेकदा एकाच कारखान्याचा डिस्प्ले असतो. आणि ज्या 'बिनव्याजी' हप्त्यावर हे सारे विकले जाते, त्याविषयी सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज प्रक्रिया-शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडवलेले असते.

मग उरलेली किंमत कशाची? नावाची. ती वस्तू आपल्या हातात लोकांनी पाहावी, याची. आपल्या मुलांना हीच किंमत सर्वांत अधिक मोहात पाडते, आणि त्याबद्दल त्यांना हसण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या खालच्या नजरेने पाहिले गेले, त्याला वरच्या नजरेची भूक असणारच. प्रश्न एवढाच की ती भूक या वस्तूने भागते काय?

याचे उत्तर सातारा जिल्ह्यातच, मसूरच्या रेल्वे स्टेशनवर मिळालेले आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवले आहे. १९०१ साली लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि भाचा साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. प्रवासासाठी मुद्दाम नवे कपडे केले होते: विलायती सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूरला उतरल्यावर त्यांना न्यायला कोणी आलेले नव्हते. तो पेहराव पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला. कपडे तेच होते, मुले तीच होती. मग दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि तो पायी चालेल. दुप्पट पैसे देऊनही मुलांना वाटेत पिण्याचे पाणी मिळाले नाही.

दुप्पट किंमत मोजून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. महाग वस्तूने मिळालेला मान हा वस्तूचा असतो. आपले नाव सांगितले की तो निघून जातो. बाबासाहेब पुढेही उत्तम पोशाख करीत राहिले, पण माणसाचा मान त्यांनी पोशाखातून मागितला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे आपल्या हाती आले त्याला हप्ता नाही, आणि कोणत्याही स्टेशनमास्तरच्या चेहऱ्यावर ते अवलंबून नाही.

भगवान बुद्धांनी गृहस्थाला उपभोग नाकारलेला नाही. सिगालाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा अडचणीच्या काळासाठी. माझ्या समजुतीने मुलीचे शिक्षण हा आजच्या घराचा उद्योग आहे. उपभोगाच्या भागातून फोन घ्यावा. तो उद्योगाच्या भागातून आला तर चुकले. आणि वस्तू कशी वापरावी हे स्थविर आनंदांकडून शिकावे. कौशांबीच्या राजाने त्यांना विचारले, इतक्या चीवरांचे काय करणार? त्यांनी सांगितले की चीवरे जीर्ण झाली की त्यांच्या चादरी करू, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून त्यांनी जमीन सारवू. दुरुस्तीला महाग पडणारी वस्तू विकणाऱ्या आजच्या बाजाराला हे उत्तर आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तो हक्क आपण दुकानात मागितला पाहिजे.

तेव्हा खरेदीपूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हिचे कोणते काम मला रोज लागणार आहे? ती किती वर्षे चालेल आणि जवळपास दुरुस्त होईल काय? आणि कोणी पाहणारच नसेल, तर मी एवढे पैसे देईन काय?

त्या मुलाला मी घरी बोलावून हा हिशेब वहीवर मांडून दाखविला. त्याने फोन विकला नाही. विकून निम्मेही आले नसते. पण सुट्टीत काम धरून पुढचे हप्ते आपण भरू, असे तो म्हणाला. बहिणीच्या प्रवेशाची मुदत मात्र निघून गेली आहे. ते वर्ष तिला कोणतीही कंपनी परत देणार नाही. वाचकहो, किंमत मोजताना ते वर्षही मोजावे, एवढेच माझे सांगणे आहे.