अर्धं तिकीट

आमच्या वैनींना अजून वाटतं, रेल्वेचं अर्धं तिकीट सरकारच्या हातून नुसतं विसरून राहिलंय, कुणीतरी आठवण केली की पुन्हा सुरू होईल. दोन-तीन महिन्यांनी त्यांचा शेडबाळहून फोन येतो. पोराबाळांची चौकशी, पाऊसपाणी, उसाला तोड आली का नाही, सगळं झालं की शेवटी हळूच विचारतात, "वन्सं, ते सुरू झालं काय हो?" मी म्हणते, "नाही हो वैनी." "बरं," म्हणतात आणि फोन ठेवतात.

बाईला 58 वर्षं पुरी झाली की तिकिटात निम्मी सवलत आणि पुरुषांना साठीनंतर 40 टक्के, असा नियम होता. मार्च 2020 मध्ये साथ आली, म्हाताऱ्या माणसांनी घराबाहेर पडू नये म्हणून ती सवलत काढली. साथ गेली, सवलत आली नाही. वैनींच्या वाट्याला ती जेमतेम तीन वर्षं आली. तेवढ्यात त्या पुण्याला लेकीकडे सहा वेळा जाऊन आल्या. त्याआधीच्या पंधरा वर्षांत गेल्या होत्या दोनदा.

2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्याही घरात एक सवलत आली. माझा मुलगा नोकरीसाठी बेळगावहून कोल्हापूरला जाऊन-येऊन असतो. हत्तरगी आणि कोगनोळी हे दोन नाके त्याला रोजचे. महामार्गाचा वर्षाचा पास निघाला: तीन हजार रुपये, दोनशे नाके. "आई, एका नाक्याला पंधरा रुपये पडले!" म्हणून तो नाचायचाच बाकी होता. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू? त्याच आठवड्यात वैनींचा फोन आला आणि नेहमीचा प्रश्न आला. त्या दिवशी "नाही हो" म्हणताना माझी जीभ जरा अडखळली.

दोन्हींचा हिशेब सारखा नाही, हे मला कळतं. मला टोचतो तो शब्दांतला फरक. गाडीवाल्याला जे मिळालं त्याला सगळे 'सोय' म्हणतात. म्हातारीला जे मिळत होतं त्याला म्हणतात 'बोजा'. 2016 च्या सुमारास रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ छापून येऊ लागली होती, की प्रवासाच्या खर्चातले सरासरी 57 टक्केच पैसे तिकिटातून वसूल होतात. वैनींनी ती मला वाचायला लावली. मग विचारलं, "उरलेलं कोण देतंय?" मी सांगितलं, कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या मालगाड्यांतून जे मिळतं त्यातून भागवतात. वैनी गप्प झाल्या. पुढे मिरज येईपर्यंत त्या बाकाच्या कडेला बसून होत्या, जणू उरलेली जागा दुसऱ्याची होती. फुकटचं खाऊ नये, असं आम्हा दोघींनाही लहानपणी शिकवलेलं.

मध्यंतरी सवलतीचा प्रश्न निघाला की संसदेत उत्तर मिळायचं ते असं: प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सूट आधीच आहे, 2022-23 मध्ये ती 56,993 कोटींची झाली. आकडा खरा आहे आणि तो कुणीतरी भरतोय, हेही खरं.

पण मग महामार्गाचा पुरा खर्च कुठं छापलाय? आमच्या गावाला वळसा घालायला हलगा ते मच्छे असा बायपास आखला. शहापूर, वडगावकडची ती जमीन म्हणजे बेळगावच्या बासमतीची. शेतकरी बांधावर बसले, कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले. मोबदला मोजता येतो, त्या भाताचा वास कशात मोजायचा? 2022 मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत जवळजवळ दर पाचामागे एक पायी चालणारा होता. त्यांच्या घरांनी जे सोसलं ते कुठल्या टोलच्या पावतीवर येतं? पावतीवर तेवढी जागा नसते म्हणावं, तर रेल्वेचं तिकीट तरी केवढं असतं!

पायी चालणाऱ्यांवरून आठवलं. चातुर्मास संपला की आपल्या आर्यिका विहाराला निघतात. त्या मोटारीत बसत नाहीत आणि रेल्वेतही नाही, तेव्हा या वादात त्यांची कुठलीच बाजू नाही. चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं, हा त्यांचा नियम. मागं एकदा निपाणीच्या अलीकडे त्यांच्याबरोबर थोडं चालले होते. ऊन नुकतंच वर आलेलं. पुढं-मागं चकाकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेले श्रावक, हातात लाल फडकी. त्या मुंगी चुकवत होत्या आणि आम्ही ट्रक चुकवत होतो. रस्ता आधी चालणाऱ्यांचाच होता ना? आज चालणारा त्याच्या कडेला परवानगी मागितल्यासारखा उभा असतो.

आता कुणी म्हणेल, बाई रस्त्याच्या वैरीण दिसतात. तसं नाही. माझ्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. हा चौपदरी रस्ता नसता तर ते पुढची नऊ वर्षं दिसले नसते. रेल्वे काही आमच्या दुखण्यासाठी दोन वाजता येणार नव्हती. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते ती रस्त्यानं. आणि रस्त्यावर नुसत्या मोटारीच नाहीत, एस.टी.ही आहे. कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली. मात्र ती राज्याच्या हद्दीपुरती. वैनींचा डोळ्यांचा डॉक्टर मिरजेला, म्हणजे महाराष्ट्रात. कागवाडच्या पुढं त्यांचं फुकटपण संपतं! तिथंही 'फुकट्या बाया' हे शब्द ऐकावे लागलेच. दुसरीकडे, रेल्वेही हवेतून जात नाही. बेळगाव-कित्तूर-धारवाड लोहमार्गाची आखणी झाली तेव्हा गर्लगुंजीकडच्या शेतकऱ्यांनी हेच विचारलं, आमचीच जमीन का म्हणून.

रेल्वेला पैसा मिळत नाही, असंही नाही. 2024-25 च्या अर्थसंकल्पात रेल्वेला सुमारे 2.52 लाख कोटी, रस्त्यांच्या खात्याला सुमारे 2.78 लाख कोटी. फार अंतर नाही. सप्टेंबर 2024 पासून आमच्याच रुळांवरून हुबळी-पुणे वंदे भारत धावते. देखणी आहे. शेडबाळला ती थांबत नाही. वैनींची गाडी म्हणजे कुडची, उगार, शेडबाळ करत मिरजेला जाणारी पॅसेंजर. साथीनंतर अशा गाड्या 'स्पेशल' नावानं सुरू झाल्या आणि कमीत कमी तिकीट दहाचं तीस झालं. गाडी तीच, बाकं तीच, थांबे तेच. 2024 उजाडल्यावर ते परत दहा झालं. मधल्या काळात वैनींनी डोळ्यांच्या दोन तपासण्या चुकवल्या. मला त्या उशिरा कळल्या.

म्हणून 'रेल्वे की रस्ता' असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, निघायचंय कुणाला? ज्याच्या दारात गाडी आहे त्याचा वाचलेला अर्धा तास आपण आनंदानं मोजतो. जिच्या दारात काही नाही तिचा न झालेला प्रवास कुणाच्याच वहीत चढत नाही. ती घरीच बसली, एवढंच.

हे सगळं मी मुलापुढं बोलले. तो समजूतदार आहे. त्यानं लगेच फोन लावला, "मामी, मी नेतो की तुम्हाला पुण्याला गाडीतून. पास आहे माझा."

फोन स्पीकरवर होता. वैनी म्हणाल्या, "नको रे बाळा. तुझी रजा बघायची, तुझ्या बायकोची सोय बघायची, वाटेत चारदा थांबव म्हणायचं, आणि थांबलास तरी बायकांना जायला जागा धड असेलच असं नाही. मी पैसे दिले तर तू घेणार नाहीस. रेल्वेत कसं, तिकीट काढलं की कुणाचं देणं नाही."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. वैनींना ज्यांनी बोजा म्हटलं त्यांनी हे ऐकायला हवं होतं, असं मला वाटलं. पण फोन आमच्याच घरात होता.

दिवाळीनंतर वैनी गेल्या. मिरजेच्या फलाटावरून त्यांनी फोन केला. दिवस मावळायच्या आत डबा खाऊन घेतला होता, गाडी यायची होती. मी विचारलं, "तिकीट कितीचं पडलं हो?"

"पुरं काढलंय," वैनी म्हणाल्या. "खिडकी मिळाली."