दाखविणे आणि सोपविणे

लहान मुलांच्या वर्गात शिक्षकाने बी रुजतानाची चित्रफीत पडद्यावर दाखवावी, यात गैर ते काय? कित्येक दिवसांची क्रिया मूल दोन मिनिटांत पाहते आणि थक्क होते. परंतु तीच चित्रफीत ‘लिंक’च्या रूपाने मुलाच्या हाती दिली, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. तेव्हा आपण चित्रफीत दाखवीत नसतो, तर मुलाला बाजाराच्या तोंडाशी एकटे सोडीत असतो. एक संपताच दुसरी आपोआप सुरू होते, आणि ती शिक्षकाने निवडलेली नसते.

ही भीती निराधार नव्हे. २०१५ साली यूट्यूबने मुलांसाठी निराळे दालन उघडले. तरी २०१७ साली ओळखीच्या कार्टून-पात्रांच्या आडून भयावह चित्रफिती तेथेही शिरल्याचे उघड झाले. २०१९ साली, पालकांच्या संमतीविना मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून, गूगल व यूट्यूब यांना अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले.

मग यांत्रिक चाळणी निरुपयोगी म्हणावी काय? नाही, ती अवश्य लावावी. पण चाळणीला सदसद्विवेकबुद्धी नसते. शिक्षकाने चित्रफीत आधी अखेरपर्यंत स्वतः पाहावी आणि शक्यतो वर्गात, सर्वांसमक्ष दाखवावी. घरी धाडणे भागच असेल, तर ती पालकांकडे धाडावी. पालकांनीही मुलाशेजारी बसावे.

विश्वास हा सद्गुण खरा. परंतु जे आपण पाहिलेच नाही, त्यावर लेकरांच्या वतीने विश्वास टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आम्हांस वाटते.