कढईत उरलेलं

अकोले म्हटलं की लोक विचारतात, विदर्भात ना? ते अकोला. आमचं अकोले प्रवरेकाठचं. तिथे आबांची भजी-वड्याची गाडी. रात्री कढईत दोन-तीन लिटर काळपट तेल उरायचं. आबा ते फडक्यातून गाळून डब्यात भरायचे आणि एक माणूस ते निम्म्या भावात घेऊन जायचा. पुढे ते कुठे जायचं, आम्ही कधी विचारलं नाही. एकदा जत्रेत मी पाच रुपयांची भजी घेतली आणि पहिल्याच घासाला तो वास आला. तेल आमच्याच डब्यातलं होतं की नाही, देव जाणे.

पुढे एम.एस्सी.ला बायोडिझेलशी गाठ पडली. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवलं की वर इंधन येतं, खाली ग्लिसरीन बसतं. सोडा स्वस्त, काम झटपट. पण त्याला तेल चांगलं लागतं. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात सुटी फॅटी ॲसिड वाढलेली असतात, सोड्याने त्यांचा साबण होतो.

लायपेज या एन्झाइमला असं तेल चालतं. आपल्या पोटात चरबी पचवणारं त्याच कुळातलं. पण ते महाग, आणि सुटं टाकलं तर परत मिळवणं अवघड. म्हणून ते रेझिनच्या बारीक मण्यांवर बसवतात. काम झालं की मणी गाळायचे, पुन्हा वापरायचे. चाळीस अंशांच्या आसपास भागतं. नखरेही आहेतच. मिथेनॉल एकदम ओतलं तर एन्झाइम निकामी होतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते तीन हप्त्यांत घालून हा प्रश्न सोडवला. ग्लिसरीन मात्र अजूनही मण्यांना चिकटून त्रास देतं.

म्हणजे स्वस्त सोड्याला माणसाने खावं असं तेल हवं, आणि महागड्या एन्झाइमला आमच्या कढईतलं चालतं. मग स्वस्त कशाला म्हणायचं? आबांचा डबाही स्वस्तच जायचा. त्याची उरलेली किंमत जत्रेतल्या पोरांची पोटं भरत होती.

जुलै २०१८ पासून नियम आहे: तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरायचं नाही. त्याच वर्षी असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची 'रुको' योजनाही आली. पण गाडीवर टक्के कोण मोजणार, आणि तीन लिटरसाठी टेम्पो कोण पाठवणार?

आबा दोषी होते का? त्यांचा सवाल साधा असायचा, "मग काय गटारात ओतू?" गटार किंवा परक्याचं पोट, एवढेच दोन रस्ते असतील तर माणसाला किती दोष द्यायचा? बरेच दिवस मी त्यांना असा सोडून देत होतो. मग एक गोष्ट आठवली. आईच्या कढईत त्या डब्यातला थेंबही कधी आला नाही. आबांना कळत होतं. आणि माझ्या फीमध्ये त्या डब्याचे पैसे होते, तेव्हा मला वासही कळत होता.

गाडी आता धाकटा भाऊ चालवतो. तो माणूस अजून येतो. दिवाळीत मी म्हटलं, त्याला देऊ नकोस, बुडतील ते पैसे मी महिन्याला पाठवतो.

भावाने झारा कढईच्या कडेवर आपटला. "पैसे पाठवशील रे दादा. पण तेल कुठे ठेवू?"