धुऱ्यावरचा केना

पाऊस लागला की आपल्या बोथच्या काळ्या रानात, कपाशीच्या तासात, कुणीही न पेरलेला केना पसरतो. जमिनीला धरून वाढतो. सकाळी इवलंसं निळं फूल उघडतं, दुपारपर्यंत मिटून जातं. दिसायला गोड, पण पिकाचं खाणं खातो, म्हणून निंदावाच लागतो.

निंदणाऱ्या मायबहिणींना ठाऊक आहे, केना तोडून तिथंच ओल्या मातीत टाकला तर कांड्याला पुन्हा मुळं फुटतात. आणि खरी गंमत तर मातीखाली. केन्याला जमिनीतसुद्धा फुलं येतात. ती कधी उमलत नाहीत, मिटलेलीच बी धरतात. पार अमेरिकेतल्या जॉर्जियाचे कापूस शेतकरीही या केन्यापुढे हैराण झालेत.

आता जरा आपल्या मनाचं रान पाहू. हातभर धुऱ्यासाठी सख्ख्या भावाशी बोलणं तुटतं. दिवाळीला घरच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र आपण टाकतो, की झालं! वरून निंदून झालं. पण खालचं बी? पुढच्या पावसाला, म्हणजे पुढच्या लग्नात, पुढच्या वाटणीत, ते पुन्हा वर येतंच. आम्हीही यातून सुटलेलो नाही. "मनात काही नाही" असं म्हणत म्हणत त्याच धुऱ्यावरून मान खाली घालून गेलेलो आहोत.

पण हाच केना कोवळा असताना खुडला, तर त्याची भाजी होते, बेसनात बुडवून भजी होतात. म्हणजे दोष केन्यात नाही, आपण वेळ घालवली त्यात आहे. लागलेला शब्द त्याच दिवशी, चुलीपाशी बसून बोलला, तर त्यातून समज येते. जुना झाला की मुळापासून खणावा लागतो, आणि माती ओली असेल तरच मूळ निघतं. ही ओल नामस्मरणानं येते. कोरड्या मनानं मागितलेली माफी वरच्यावर तुटते.

तर या आठवड्यात एवढंच करू. आरतीला उभं राहण्याआधी एका माणसाला फोन लावू, ज्याचं नाव दिसलं की आपण मोबाईल पालथा ठेवतो. मेसेज नको, आवाज हवा. कोण चुकलं ते काढायचं नाही, "जेवलास का?" एवढं विचारलं तरी पुरे.

ग्रुपवर कळवायची गरज नाही. गुरूंना कळेल.

🙏 जय गुरुदेव 🙏